तोडलेल्या पानाची चार मिनिटं

४ फेब्रुवारी

वन्सं,

सोबत एक फॉर्म आहे. खाली उजवीकडे मी पेन्सिलीनं फुली मारली आहे, तिथे सही करा आणि कोठाराच्या पत्त्यावर टपालात टाका. पत्ता वरच छापलेला आहे. काम एवढंच. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

वाचताय. मला माहीत होतं. साबणाचं वेष्टण का असेना, शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही कागद खाली ठेवत नाही.

तर ऐका. थंड कोठारात जागा उरलेली नाही, म्हणून नापास झालेल्या जातींचं बियाणं अठ्ठावीस तारखेला जाळून टाकणार आहेत. यादी भिंतीवर लागली आहे. बेचाळिसावं नाव तुमच्या मानीचं. तुमच्या दहा वर्षांच्या चवळीचं आता एकच पाकीट शिल्लक आहे. जिनं जात तयार केली तिनं सही करून हरकत घेतली, तर पाकीट आणखी पाच वर्षं ठेवतात. हा नियम मला कोठारवाल्या काकूंनी सांगितला. चष्मा कपाळावर चढवून सांगितला, म्हणजे खरा असणार.

का ठेवायचं, असं तुम्ही विचाराल. ठेवावं असं मला वाटतं. सध्या एवढंच.

फोन केला होता. तुमचा जुना नंबर आता कुठल्याशा गॅसवाल्याकडे गेलाय आणि तो माझ्यावर खेकसला. पत्ता तुमच्या भावाच्या वहीत सापडला, बटणांच्या दुकानाचा. “वन्सं बटणं विकतात?” असं मी विचारलं तर तुमचे बंधुराज म्हणाले, “तिलाच विचार.” सहा वर्षांत तुमच्याबद्दल ते इतकं कधी बोलले नव्हते.

विचारते. बटणं विकता?

तुमची भावजय


१० फेब्रुवारी

वन्सं,

टपालाला जायला तीन दिवस, यायला तीन, मधला एक तुमच्या रागाचा. म्हणजे उद्या उत्तर यायला हवं. मी वाट पाहत नाहीये, नुसते दिवस मोजतेय.

इकडे काचघरात सगळं तुमच्या वेळचंच आहे. सकाळी दार उघडलं की काचांवरचा दमट पांढरेपणा हळूहळू विरतो आणि आतली झाडं एकेक करून दिसायला लागतात. कुठेतरी पाइप ठिबकत असतो. पहिला तासभर मी कुणाशी बोलत नाही. त्या हिरवट उजेडात माझे हातही मला माझे वाटत नाहीत, पाण्याखाली कुणा दुसरीचे हात काम करताहेत असं वाटतं. तुम्ही म्हणायचा, “ही बाई कामावर येते की झोपेत चालते?” झोपेतच चालते, वन्सं. पानाच्या नखाएवढ्या तुकड्यावर हजारो तोंडं असतात. ती मोजायची तर जगाकडे जरा कमीच लक्ष असलेलं बरं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला मायक्रोस्कोपसमोर बसवलंत ते आठवतं? “पुस्तकात यांना पर्णरंध्रं म्हणतात. आपण तोंडं म्हणू. प्रत्येकाला दोन ओठ आहेत, बघ.” दोन फुगीर पेशी, घेवड्याच्या दाण्यांसारख्या, समोरासमोर. पाणी भरलं की त्या टम्म होऊन बाहेर वाकतात आणि मधे फट पडते. पाणी उतरलं की सैल पडून एकमेकींना चिकटतात. त्याच फटीतून हवा आत जाते, त्याच हवेतून पान आपलं जेवण शिजवतं, आणि त्याच फटीतून झाडाचं पाणी उडून जातं. तोंड उघडं ठेवलं तर तहान, मिटलं तर उपास. मी विचारलं होतं, “मग ते करतं काय बिचारं?” तुम्ही म्हणालात, “दिवसभर विचार.”

आणि तुमची मानी. कुंडीतलं पाणी संपायच्या कितीतरी आधी तिला चाहूल लागायची. भर दुपारी ती सगळी तोंडं आवळून घ्यायची आणि सकाळच्या गारव्यात पोटभर जेवायची. पाणी मागण्याआधी तोंड मिटते म्हणून तुम्ही तिचं नाव मानी ठेवलंत. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, मालकिणीवर गेलीय.

तुमची शिस्तही मी पाळते बरं का. पानाला मीटर लावताना तोंड फिरवून घेते. “तुझा उच्छ्वास लागला की पान ओठ आवळतं, मग आकडा पानाचा येत नाही, तुझा येतो.” ही सवय इतकी अंगात मुरली आहे की घरीही मी बोलताना मान वळवते. तुमचा भाऊ बसची सकाळची पाळी करून दमून येतो, मी त्याला जेवायला वाढते आणि भिंतीकडे बघून विचारते, “कशी झाली आजची फेरी?” तो विचारतो, “भिंतीला की मला?”

काल दुपारी डबा खाल्ल्यावर टेबलावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. स्वप्नात मी एवढीशी झाले होते. पानाच्या खालच्या बाजूला लोंबकळत होते आणि एका तोंडातून आत शिरले. आत खोली होती. ओलसर, गार, भिंतींना गोल गोल हिरवे दगड, वरून ऊन झिरपत होतं. एवढी शांतता की पाणी चढताना ऐकू येत होतं. कोपऱ्यात तुम्ही बसला होता, पाठमोऱ्या. मी हाक मारणार तेवढ्यात मागचं दार मिटायला लागलं. मी आत राहायचं की बाहेर पडायचं हे ठरवेपर्यंत जाग आली. गालावर टेबलाची कड उमटली होती.

फॉर्मचं विसरू नका.


१४ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर नाही. हरकत नाही. मी लिहिते.

नवा मीटर आलाय. कपड्यांच्या चिमट्याएवढा आहे, पानाला लावायचा आणि हातात धरायचा. जुना आठवतो ना, ती लोखंडी पेटी, चाकांच्या टेबलाला स्क्रूनं आवळलेली? काटा स्थिरावला की आकडा लिहायचा आणि पुढे जायचं. आकडा मोठा म्हणजे तोंडं उघडी, लहान म्हणजे मिटलेली. नवा मीटर एक आकडा देऊन गप्प बसत नाही. पडद्यावर रेघ काढत राहतो, सेकंदासेकंदाची. मला त्या रेघेकडे बघत बसायचा नादच लागलाय.

मंगळवारी एका पानाला चिमटा लावला होता. रेघ सपाट चालली होती. मी चिमटा तसाच ठेवला आणि कात्रीनं देठ कापला. का कापला, सांगता येत नाही. रेघ खाली उतरताना बघायची होती. पाणी तोडलं की तोंडं मिटणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

रेघ वर गेली.

चार मिनिटं वर जात राहिली, पहिल्या आकड्याच्या चौपट झाली, आणि मग कुठे खाली वळली. मला वाटलं मीटर बिघडला. दुसरं पान कापलं. तिसरं कापलं. दहा पानं कापली. दहाही पानांनी पाणी तुटल्यावर आधी तोंड वासलं आणि मग मिटलं.

पुस्तकं काढून बसले. सगळं लिहिलेलं आहे, वन्सं. नवीन काही नाही, मलाच ठाऊक नव्हतं. पाणी तुटलं की आधी आजूबाजूच्या पेशी सैल पडतात. ओठांच्या दोन पेशी अजून भरलेल्याच असतात. शेजारच्यांचा रेटा गेला की त्या ऐसपैस पसरतात. खच्चून भरलेल्या बाकावरून कडेची माणसं उठली की मधले दोघे पाय पसरतात, तसं. मग त्यांचंही पाणी उतरतं. पण मधली चार मिनिटं तुटलेलं पान असं दाखवतं की तहान म्हणजे काय हे त्याच्या गावीही नाही.

आता मुद्द्याचं सांगते. सहा वर्षांपूर्वी समितीच्या चाचणीत मानीची पानं मी तोडून मोजली होती.

पेटीची वायर तुमच्या टेबलापर्यंत पुरत नव्हती. बाकी सगळ्या जाती मीटरच्या आसपास होत्या, त्यांची पानं झाडावरच मोजली गेली. मानी एकटी शेवटच्या टेबलावर, तुम्हाला तिथला उजेड आवडायचा म्हणून. मी पान खुडायचे, तळहातावर धरायचे आणि दोन दारं ओलांडून पेटीपर्यंत यायचे. काल मी घड्याळ लावून तेवढं अंतर चालून पाहिलं. पान बसवण्यासकट पावणेचार मिनिटं.

म्हणजे त्या दिवशी सगळ्यात तहानलेली, सगळ्यात शहाणी मानी माझ्या पेटीवर सगळ्यात उधळी ठरली.

मला माहीत नव्हतं. शप्पथ सांगते वन्सं, मला हे माहीत नव्हतं.


१९ फेब्रुवारी

वन्सं,

मागच्या पत्राची मला लाज वाटते. ‘मला माहीत नव्हतं’ हे खरं आहे. पत्र मात्र खरं नाही.

तक्त्यात एक रकाना असतो. पान झाडावर की तोडलेलं? मी चाळीसच्या चाळीस ओळींत ‘झाडावर’ लिहिलं.

नियम मला ठाऊक होता. ज्या बाईची जात तिनं मोजायचं नाही, दुसऱ्या कुणी मोजायचं, आणि झाडावरच मोजायचं. वायर पुरत नव्हती तर एक्स्टेंशन बोर्ड मागायचा होता, एवढं साधं. पण त्या सकाळी मी तुमच्याकडे तिसऱ्यांदा काहीतरी विचारायला आले होते आणि तुम्ही साहेबांसमोर म्हणालात, “एखादी गोष्ट स्वतःच्या डोक्यानं कर ग. माझ्या भावाशी लग्न केलंस म्हणून मी तुझी आई होत नाही.” साहेब हसले. मीही हसले. मग चौथ्यांदा तुमच्या दारात उभं राहायचं नव्हतं मला. स्वतःच्या डोक्यानं केलं.

आणखी आहे. हे लिहायला मी तीन कागद फाडले.

पेटीचा काटा वर गेला, तीनशे ऐंशी, तीनशे नव्वद, तेव्हा मला बरं वाटलं. बघा म्हटलं, तुमची लाडकी. पाच-सहा ओळी लिहून होईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं, मग ओसरलं. पण आधी बरं वाटलं होतं. तुम्ही मला ही नोकरी लावून दिलीत, लग्नानंतरचं वर्षभर स्वतःची खोली आम्हाला देऊन बाहेरच्या कॉटवर झोपलात, आणि मला बरं वाटलं.

तुमच्या वहीत नव्वद होते, माझ्या तक्त्यात तीनशे ऐंशी. समितीनं माझा तक्ता धरला. झाडं उपटली. तुम्ही जिन्यात थांबलात आणि मला विचारलंत, “दहा वर्षं मी हवं तेच बघत होते का ग?” मी काय म्हणाले आठवतं? “असू दे, वन्सं.” त्याच आठवड्यात तुम्ही राजीनामा दिलात. वही कचऱ्यात टाकलीत तीही मी पाहिली.

तुमचे डोळे खरे होते. ते कागदावर आणायचं तर मानी पुन्हा उगवायला हवी, तिला तहान लागायला हवी आणि कुणीतरी ती नीट मोजायला हवी. अठ्ठावीसला पाकीट जळलं तर मी कितीही ओरडले तरी दाखवायला काही उरणार नाही. मरेपर्यंत तुम्हाला वाटत राहील की तुम्ही स्वतःला फसवलंत.

नऊ दिवस आहेत. माझ्यावर हवं तेवढं रागवा. सही करा.


२७ फेब्रुवारी

वन्सं,

उद्या जाळणार होते. तुमची सही नाही, उत्तर नाही. मग रात्रीच साहेबांच्या नावानं अर्ज लिहून ठेवला होता, सगळं कबूल करून, आणि आज सकाळी तो घेऊन कोठारात गेले. म्हटलं निदान आठवडाभर थांबवा म्हणून काकूंच्या पाया पडावं.

काकू बरण्यांना लेबलं लावत होत्या. म्हणाल्या, “मानी? ती यादीतून केव्हाच निघाली.”

“केव्हा?”

“सही येऊन पंधरा दिवस होऊन गेले की. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.”

त्यांनी फाइल काढून दाखवली. तुमचीच सही, शेवटचं अक्षर ओढून मागे नेलेलं. तारीख सात फेब्रुवारी. माझं पहिलं पत्र हातात पडलं त्याच दिवशी तुम्ही सही केलीत. का म्हणून विचारलं नाहीत. माझ्या कबुलीच्या कितीतरी आधी.

मी बियांच्या कपाटाला टेकून खाली बसले. आधी हसू आलं. मग वाटलं, गप्प राहिले असते तर? पाकीट राहिलंच असतं. मी ते गुपचूप पेरलं असतं, नव्या मीटरनं नवा आकडा दिला म्हणून सांगितलं असतं, तुम्ही धावत आला असता आणि मला जवळ घेतलं असतं. कोठारात थंडी होती आणि मी ते सगळं डोळ्यांसमोर बघत बसले होते, अगदी रंगांसकट. तुमच्या साडीचा रंगसुद्धा ठरवला होता.

काकूंनी विचारलं, “हातात काय आहे ते?”

“काही नाही,” मी म्हणाले आणि अर्ज पर्समध्ये ठेवला. ठेवला, वन्सं. दारापर्यंत गेले. मग काढला आणि जिना चढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. हे मोठेपण मिरवायला सांगत नाहीये. पर्समध्ये ठेवला होता तेही तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय.


३ मार्च

वन्सं,

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, मग उठून पंखा बंद केला. “सहा वर्षं?” एवढंच म्हणाले. खुर्चीत परत बसून म्हणाले, “तुमचं काय करायचं ते नंतर बघू. आधी पेरा.”

काल साठ दाणे पेरले. काकूंनी स्वतः मोजून दिले, माझ्यावर नजर ठेवून. आता काचघरात ओल्या मातीचा वास आहे आणि साठ कुंड्या आहेत ज्यांत काहीच दिसत नाही. मी त्यांच्यामधून हळू चालते. उगाचच.


२४ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. दोन शब्द. “किती उगवली?”

तुमच्या भावानं ते कार्ड उलटं-सुलटं करून पाहिलं, खिशात घातलं आणि पाळीवर गेला. संध्याकाळी परत मागितलं तर म्हणतो, “राहू दे माझ्याकडे.” बसच्या काचेला लावून फिरला असणार दिवसभर.

साठांतली एक्केचाळीस उगवली. थंडीत इतकी वर्षं पडून राहिलेल्या बियाण्याच्या मानानं पुष्कळ आहे म्हणतात काकू. पानं तशीच, जरा जाड, मागच्या बाजूला राखी झाक. सकाळी आठला मी त्यांच्याजवळ बसते आणि मला खरंच वाटतं की ती जेवताहेत. कुणी भरपेट जेवत असताना खोलीत जशी शांतता असते, तशी तिथे असते. मी तोंड फिरवून बसते. काल अर्धा तास तशी बसले होते, साहेब मागून येऊन निघून गेले तरी पत्ता नाही.

दहा एप्रिलपासून पाणी बंद करणार. सोळाला दुपारी मोजायचं. साहेबांनी सांगितलंय की मीच मोजायचं, दोन माणसं उभी राहून बघतील.

याल का, असं विचारत नाही. तारीख कळवली.


१७ एप्रिल, दुपार

वन्सं,

तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपला आहात. पंखा तुमच्याकडे फिरवलाय. भिंतीपलीकडे पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणा आहे, पण तोंडानं मला हे जमणार नाही. तुम्ही उठायच्या आत कागद तुमच्या चपलांवर ठेवीन आणि भाजी आणायला जाईन.

काल सकाळी तुम्ही दारात उभ्या राहिलात. हातात एक लहानशी पिशवी, केस सगळे पांढरे. मला वाटलं मी अजून उठलेलीच नाही. तुम्ही म्हणालात, “मी रागावलेली आहे. जेवायला थांबेन, पण रागावलेली आहे.” तुमचा भाऊ मोज्यांनिशी बाहेर आला आणि त्यानं तुमच्यापुढे खुर्ची ओढली. मग म्हणाला, “बस ना.” तुम्ही बसलात. मी आत जाऊन रडले, तुम्हाला ऐकू गेलं असणार.

काचघरात तुम्ही आत यायला तयार नव्हता. साहेब म्हणाले, बघायला हरकत नाही. तुम्ही म्हणालात, “नको. मी समोर असले तर हिचा हात माझ्याकडे बघून चालेल.” आणि काचेबाहेर जाऊन पाठ करून उभ्या राहिलात. दमट काचेतून तुमची पाठ पांढुरकी, कडा विरघळलेल्या, पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. ती तशी समोर ठेवून मी पस्तीस पानं मोजली. एकही तोडलं नाही. दीड तास लागला. बाहेर ऊन होतं, आत सहा दिवसांची तहानलेली एक्केचाळीस झाडं तोंड मिटून बसली होती, आणि रेघ तळाशी सपाट चालली होती.

मी कागद घेऊन बाहेर आले. तुम्ही वळला नाहीत. म्हणालात, “थांब. मी सांगते.” आणि मग, “नव्वद. शंभरच्या आत आहे बघ.”

ब्याण्णव होता, वन्सं.

तुम्ही पायरीवर बसलात. साहेब समोर होते, काकू होत्या, तुम्हाला कुणाचं भान नव्हतं. “म्हणजे मला दिसत होतं ते खरं होतं,” म्हणालात. तीनदा म्हणालात.  सहा वर्षं तुम्ही रोज सकाळी उठून स्वतःला खोटं मानत होता, आणि ते माझ्यामुळे. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुम्ही तो झटकला नाहीत. धरलाही नाहीत.

आता जे बोलता आलं नाही ते. साहेबांनी तुम्हाला मानीच्या कामाची प्रमुख म्हणून बोलावलंय, हे मला काकूंकडून कळलं. फार आनंद झाला. माझाही निर्णय आला आहे. एक मेपासून मीटर माझ्याकडून काढून घेणार आणि मला मागच्या शेडमध्ये कुंड्या धुवायला पाठवणार. बरोबरच आहे. नोकरी राहिली हेच खूप. पण मला वाईट वाटतंय आणि ते तुम्हाला सोडून कुणाला सांगू? ती तोंडं मला रोज दिसायची. माझ्यासाठी साहेबांकडे शब्द टाकू नका, मला ते सोसणार नाही.

आणि एक विचारायचंय. तुम्ही मला माफ केलंत का? खरं ते सांगा.

तुमची भावजय


(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, निळ्या शाईत)

उठले. भाऊ चहा करतोय, भांडी आपटून आपटून.

माफ केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या पत्रातल्या स्वप्नापर्यंत मी हसत वाचत होते. चौथं पत्र आलं तेव्हा दुकान बंद करून दिवसभर खुर्चीत बसून राहिले. फार राग आला ग. अजून येतो. सही आधी केली ती तुझ्यासाठी नव्हती. जिवंत बी कुणी जाळू नये, एवढंच वाटलं.

त्या सकाळी साहेबांसमोर मी तसं बोलायला नको होतं. ते माझं चुकलं.

कुंड्यांचं मला साहेबांनी कालच सांगितलं. मी तुझी बाजू घेतली नाही. खोटं लिहिलंस, धू कुंड्या. ते मला मोजायला दुसरं माणूस देत होते. मी म्हटलं, द्या, पण वर्षापुरतंच.